जेवढं मोडलं, तेवढंच

कोळेकर वकील पक्षकाराला आधी बघत आणि मग ऐकत. सोलापुरात कोर्टाजवळच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. खाली चहाची टपरी. गॅलरीत उभं राहून ते रिक्षातून उतरणारी माणसं न्याहाळत. अपघाताच्या भरपाईचे दावे चालवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. कोण रिक्षापासूनच लंगडतो आणि कोण जिन्यापासून लंगडायला लागतो, हे त्यांना कागद बघायच्या आत कळलेलं असे. गेल्या पावसाळ्यात ते गेले. त्या गॅलरीत आता कुणीतरी कुंड्या ठेवल्यात.

मी जिन्यापासून लंगडणाऱ्यांतला होतो. फक्त माझा पाय नव्हे, हात होता.

मी एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावर एका मोटारीने माझ्या स्कूटरला मागून धडक दिली आणि माझं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात माझ्या बायकोच्याही आधी पोचला तो पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी गृहस्थ. हातात डझनभर केळी. "मी तुमचा हितचिंतक," असं सांगून त्याने भूल पुरती उतरायच्या आत मला भरपाईचा आकडा ऐकवला. तो आकडा ऐकून शेजारच्या खाटेवरचा, नुसत्या मुतखड्यासाठी आलेला माणूस खट्टू झाला.

"प्लास्टर निघालं तरी गळ्यातली झोळी काढू नका," हितचिंतक म्हणाला. "कोर्ट हात बघत नाही, झोळी बघतं. आणि मानही दुखते म्हणा. पट्टा मी आणून देतो."

"मानेला काही झालेलं नाही," सुनंदा, माझी बायको, म्हणाली.

"होईल की, वहिनी."

तिने त्याला केळ्यांसकट वाटेला लावलं. आमच्या शाळेच्या शिपायाचा दावा कोळेकरांनी चालवला होता, म्हणून दोन महिन्यांनी आम्ही त्यांच्याकडे गेलो. पण फुकट मिळालेला सल्ला वाया घालवणं मास्तरच्या जिवावर येतं. मी झोळी खिशात नेली. टपरीवर उजव्या हाताने चहा प्यालो आणि जिन्यावर ती गळ्यात अडकवली.

कोळेकरांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "गुरुजी, च्या पिताना झोळी न्हवती. हात जिन्यात मोडला का काय?"

सुनंदाने तोंडाला पदर लावला. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"लाजू नका. हितं लई जण तसंच येत्यात," ते म्हणाले. "पण एक ध्येनात ठिवा. जेवडं मोडलंय तेवडंच मागायचं. वर एक बोट खोटं घातलं, की सगळा हात खोटा पडतोय."

ते सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातले. जजसाहेबांपुढे पुस्तकी मराठी बोलत, आमच्यापुढे गावाकडची. एकदा मी विचारलं, की खोटं दुखणं तुम्हाला लांबून कसं कळतं? म्हणाले, "आमच्या आबानी दोनशे मेंढरांतलं लंगडं अंधारात वळकलं असतं. मेंढरू खोटं लंगडत न्हाय, एवडाच काय तो फरक."

दावा दाखल झाला आणि मला अपंगत्वाचा दाखला आणायला सरकारी दवाखान्यात पाठवण्यात आलं. बावीस टक्के. त्या दिवसापासून माझ्या हाताला हात कुणी म्हणेना. पोलीस ठाण्यातल्या हवालदारापासून घरमालकापर्यंत सगळे विचारत, "किती टक्के?" आमचे एक मामा फोनवर हळहळले, "नुसते बावीस? पलीकडच्या जोशांच्या जावयाला चाळीस पडले." मी अभ्यासात कमी पडलो असं त्यांचं मत झालं असावं.

माझ्या साक्षीच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलांनी, अत्यंत गोड माणसाने, मला विचारलं, "पगार चालू आहे ना?"

"आहे."

"फळ्यावर चित्रं काढता?"

"काढतो, पण रेघ थरथरते. वर्तुळ जुळत नाही."

"म्हणजे काढता येतात."

त्यावर टंकलेखकाने उतरवून घेतलं, 'हे म्हणणे खरे आहे की, मी आजही फळ्यावर चित्रे काढतो.' वर्तुळाचं काही आलंच नाही. मी कोळेकरांकडे बघितलं. ते शांतपणे कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. बाहेर आल्यावर मी चिडलो. "तुम्ही गप्प का बसलात?"

"तुमी खरं बोलत हुता. मदी तोंड कशाला घालू?"

पुढच्या तारखेला त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांना साक्षीला आणलं. त्यासाठी ते स्वतः दोनदा शाळेत येऊन गेले होते, हे मला तेव्हाच कळलं. ज्यांना बघून आठशे पोरं चिडीचूप होतात, ते मुख्याध्यापक पिंजऱ्यात उभे राहून घामाघूम झाले. पण बोलले स्वच्छ. संमेलनाचा पडदा वीस वर्षं मी रंगवत होतो, आता बाहेरचा पेंटर लावावा लागतो. शाळेच्या भिंतीवरचं किल्ल्याचं चित्र मी अर्ध्यावर सोडलंय. त्या चित्राचा फोटो कोळेकरांनी हजर केला. निम्म्या बुरुजांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या, निम्मे बुरूज पाण्यात हलल्यासारखे. जजसाहेब तो फोटो बराच वेळ बघत राहिले. गोड वकिलांनी एकही प्रश्न विचारला नाही.

निकाल लागला. हितचिंतकाच्या आकड्याच्या पाव रक्कमही नव्हती, पण जेवढं मोडलं तेवढ्याला धरून होती. तो गृहस्थ त्या दिवशी आवारात भेटला आणि "सांगितलं होतं ना मी?" म्हणून स्वतःच माझ्याकडून अभिनंदन घेऊन गेला.

त्याच दिवशी कोर्टाच्या दाराशी एक किडकिडीत माणूस उभा होता. मल्लिनाथ, मला धडक देणाऱ्या मोटारीचा ड्रायव्हर. तीन वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. कोळेकर त्याच्याकडे गेले, खांद्याला धरून त्याला टपरीवर घेऊन आले आणि मला म्हणाले, "बसा हितं. ह्याच्या मालकानं दुसऱ्या दिवशीच ह्याला काडून टाकलं. 'अर्ध्या तासात अक्कलकोट गाट' म्हणनारा मालकच, आन मागल्या शिटावर बसल्यालाबी त्योच. कोर्टात म्हनला, मी गाडीत न्हवतोच."

मल्लिनाथने कपाला हात लावला नाही. तो माझ्या मनगटाकडे बघत होता. कानडी हेल असलेल्या मराठीत त्याने विचारलं, "सर, हात दुखतंय का हो अजून?"

तीन वर्षांत डॉक्टर, पोलीस, दोन वकील, जज, मामा, सगळ्यांनी माझ्या हाताची चौकशी केली होती. हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "थंडीत दुखतो."

कोळेकरांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि सावकाश म्हणाले, "काय करता गुरुजी, ह्ये रेकॉर्डवर घ्यायला जागाच न्हाय."