प्राचार्य बदलले, बातमी छापून आली

किस्से जमवावे लागतात असं लोक म्हणतात. आमच्या कॉलेजात तशी गरजच पडत नाही. नुसतं वेळेवर कामावर यायचं, किस्सा आपोआप घडतो! स्टाफरूममध्ये चहा येईपर्यंत एक घडलेला असतो, आणि कप रिकामा होईपर्यंत दुसऱ्याची सुरुवात झालेली असते.

कॉलेज कार्ल्याजवळ, लोहगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी तिथं मराठी शिकवतो. मराठीचा माणूस म्हणून कॉलेजच्या बातम्या लिहून पेपरला पाठवायचं कामही माझ्याच गळ्यात. त्यामुळं गेल्या काही वर्षांत प्राचार्यांच्या खुर्चीत कोण आलं, कोण गेलं, ते सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय. आणि दरवेळी लिहिताना डोकं फिरलंय. मित्रांना सांगतो तेव्हा ते पोट धरून हसतात. मला अजून तेवढं हसू येत नाही. तरी सांगतो.

*

आधी कदम मॅडम कोण ते सांगायला हवं.

मॅडम वनस्पतीशास्त्र शिकवतात. माहेर कार्ल्याचंच, घरची भातशेती. लोहगडाच्या उतारावरच्या झाडांवर त्यांची पीएच.डी. वर्गात बोलतात ते अगदी पुण्याचं मराठी. पण राग आला की थेट कार्ल्याची बोली! टाइमटेबल मॅडम लावणार, परीक्षा मॅडम घेणार, विद्यापीठाशी मॅडम बोलणार, मुलींच्या बाथरूमला पाणी नाही तर टँकरवाल्याशी भांडणारही मॅडमच.

आमचे जुने प्राचार्य रिटायर झाले तेव्हा पुढच्या प्राचार्य कदम मॅडमच, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. सगळ्यात सीनियर त्या. पात्रतेतही कुठं कमी नाहीत. आमच्या संस्थेचे अध्यक्ष तळेगावला राहतात, त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी मॅडमना बोलावलं. निरोपसमारंभाच्या बातमीसाठी मीही तिथंच बसलो होतो.

आबा प्रेमानं म्हणाले, "मॅडम, तुम्ही कामाचं माणूस. तुम्ही खुर्चीत बसलात तर काम कोण करणार?"

मला वाटलं, विनोद केला. पण आबा हसत नव्हते!

बाहेर आल्यावर मॅडमचा चेहरा लालबुंद. म्हणाल्या, "सर, ह्यांचा पुतण्या वर्षभर कॉलेजात फिरकला न्हाई, म्हणून मी त्याला परीक्षेला बसू दिलं न्हाई. ते ह्यांना अजून पचलं न्हाई, दुसरं काय!"

"मग आत बोलायचं ना तसं!" मी तडकून म्हणालो.

"बोलले असते. पण माझं प्रॅक्टिकल हाय आता. पोरी थांबल्यात."

आणि गेल्या. खरंच प्रॅक्टिकल घ्यायला गेल्या!

*

खुर्चीत आले खैरे सर. आबांच्या साडूंचे चिरंजीव, संस्थेच्या तळेगावच्या शाळेतले. पद 'प्रभारी प्राचार्य'.

मी सरळ दोन ओळींची बातमी पाठवली होती, की खैरे यांची नेमणूक झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: 'महाविद्यालयाला लाभले तरुण, तडफदार नेतृत्व!'

आमच्या भागाचा वार्ताहर दत्ता. कुसगावात त्याचं मोबाइलचं दुकान आहे, ते सांभाळून बातम्या देतो. माणूस वाईट नाही. मी फोन लावला. "दत्ता, तडफदार कशावरून?"

"सर, फोटोत तसे दिसतात!"

मॅडमनी खैरे सरांना पुढचा सगळा आठवडा शेजारी बसवून काम समजावलं. प्रवेश कसे होतात, पेपर कुठून येतात, कुठल्या फाइलवर कुणाची सही. सरांनी मान डोलवत सगळं ऐकलं. शेवटी काळजीच्या सुरात विचारलं, "पण मॅडम, तुम्ही रिटायर झाल्यावर हे सगळं कोण करणार?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही."

खैरे सर दचकले. "मी? अहो, मी प्राचार्य आहे!"

*

शनिवार-रविवारी आमच्या गेटसमोरून पर्यटकांच्या गाड्या सुसाट जातात. एका शनिवारी एफवायची एक मुलगी रस्ता ओलांडताना उडाली. पाय मोडला, जीव वाचला. मॅडम दवाखान्यातून आल्या त्या थेट ग्रामपंचायतीत गेल्या. गतिरोधक पाहिजे म्हणाल्या. "बघू" असं उत्तर मिळालं.

पुढच्या शनिवारी मॅडम मुलींना घेऊन रस्त्याच्या कडेला हातात लाल ओढण्या धरून उभ्या राहिल्या. गाड्या थांबवायच्या, काचेवर टकटक करायची आणि सांगायचं, "दादा, हितं कॉलेज हाय. सावकाश." पावसात, चिखलात, उन्हात, सगळा सीझन! शेवटी गाववाल्यांनाच वाईट वाटलं आणि गतिरोधक झाला.

आणि मग त्याचं उद्घाटन झालं. हो, गतिरोधकाचं उद्घाटन! फीत, नारळ, हार, बँड, सगळं काही. खैरे सरांनी फीत कापली. पेपरात आलं, 'प्राचार्य खैरे यांच्या अथक पाठपुराव्याला यश.' अथक! सर त्या रस्त्यावर त्याआधी कधी गाडीतून खाली उतरले नव्हते.

उद्घाटन करून सर गाडीत बसले, जोरात निघाले, आणि गतिरोधकावर गाडी खालून अशी घासली की बँडवालेसुद्धा थांबले. सर काच खाली करून ओरडले, "हा एवढा उंच कुणी करायला सांगितला?"

फोटोसाठी हारातच उभे असलेले सरपंच म्हणाले, "तुमीच की सर! पेपरात छापून यायचंय उद्या."

*

एक किस्सा मात्र सांगताना अजून माझा आवाज चढतो.

लोहगडवाडीची मनीषा. तिच्या वडिलांचा गडाच्या पायथ्याशी ट्रेकर लोकांसाठी पिठलं-भाकरीचा स्टॉल. ही पोरगी मॅडमच्या हाताखाली गडावरच्या रानभाज्यांवर प्रकल्प करत होती. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिली आली. पहिली! मी मन लावून बातमी लिहिली. तिचं नाव, गाव, वडिलांचा स्टॉल, पहाटे उठून भाकऱ्या थापून ती कॉलेजला कशी येते, सगळं.

आबांनी सत्कार ठेवला. स्टेजवर एवढी माणसं, की मनीषाला उभं राहायला जागा नव्हती. ती पायरीवर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मनीषाचे वडील पेपर घेऊन कॉलेजात आले. कामाचा दिवस सोडून, स्वच्छ शर्ट घालून. पेपर माझ्यासमोर पसरला आणि म्हणाले, "सर, सगळा वाचला. दोनदा वाचला. ह्यात आमची पोरगी कुटं हाय?"

मी बघितलं. अध्यक्षांचं नाव होतं. उपाध्यक्षांचं, खजिनदारांचं, खैरे सरांचं, हार पुरवणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्याचंसुद्धा! आणि शेवटी, 'आदी उपस्थित होते.'

सत्कार जिचा, ती 'आदी'मध्ये!

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी पेपर बघितला, घडी घातली आणि तिथंच दत्ताला फोन लावला. एरवी त्या त्याला अहो-जाहो करतात. त्या दिवशी नाही.

"दत्ता, तुला पोरगी हाय ना? ती पयली आली आन् पेपरात तुझ्या गाळ्याच्या मालकाचं नाव आलं, तर चालंल तुला?"

दत्ता म्हणाला, "मॅडम, जागा कमी पडली हो. आणि आबांची वाढदिवसाची फुल पेज जाहिरात असते आमच्याकडं. मनीषाची असते का?"

मॅडमनी फोन ठेवला. मनीषाच्या वडिलांना म्हणाल्या, "चला भाऊ, तुमाला तिचा प्रकल्प दाखवते. तितं सगळीकडं तिचंच नाव हाय."

दोघं प्रयोगशाळेत गेले. ते भाऊ तिथं तासभर होते. निघताना पेपर माझ्याच टेबलावर विसरून गेले. विसरले की ठेवून गेले, मी विचारलं नाही.

*

खैरे सरांना आबांनी शाळेची नवी इमारत बघायला परत नेलं. आता तरी मॅडम, असं आम्हाला वाटलं. आले पाटणकर सर! कुठल्याशा कंपनीतून रिटायर झालेले. त्यांना प्राचार्य म्हणवून घेणंही पसंत नव्हतं. 'कॅम्पस डायरेक्टर' अशी पाटी लागली.

पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "कदम मॅडम, आजपासून तुमचं डेसिग्नेशन 'अकॅडमिक फॅसिलिटेटर'."

मॅडमनी विचारलं, "म्हणजे मी काय करायचं?"

"आता करता तेच."

"मग बदललं काय?"

"माइंडसेट!"

त्यांना वनस्पतीशास्त्र बंद करून त्या जागी इव्हेंट मॅनेजमेंट सुरू करायचं होतं. लोणावळ्याला एवढी हॉटेलं, एवढी लग्नं, झाडांना कोण विचारतं, असं त्यांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, "सर, ती लग्नं लॉनवर होतात. लॉन म्हणजे गवत. गवत आमच्याकडे येतं!" सगळे हसले. पाटणकर सरांनी मात्र 'लॉन' असं डायरीत लिहून घेतलं.

एका सोमवारी त्यांनी सगळ्या स्टाफला सक्तीनं बोलावलं. विषय: 'संस्थेशी निष्ठा'. आम्ही हॉलमध्ये बसलो. अर्धा तास गेला, सर नाहीत. फोन लागेना. शेवटी लायब्ररीयन बाई आजचा पेपर घेऊन धावत आल्या. आतल्या पानावर फोटोसकट बातमी, 'पाटणकर यांची पुण्यातील नामांकित संस्थेत निवड. सर्व स्तरांतून अभिनंदनाचा वर्षाव.'

त्या सर्व स्तरांत आम्हीही येत होतो म्हणे!

*

पाटणकर गेले आणि नेमकी तेव्हाच कॉलेज तपासायला बाहेरची समिती आली. खुर्ची रिकामी. आबांनी मॅडमना सांगितलं, "दोन दिवस तुम्ही सगळं दाखवा. पण प्राचार्य म्हणून नाही हं. समन्वयक म्हणून."

मॅडमनी दाखवलं. वर्ग, प्रयोगशाळा, मुलींनी लावलेली देशी झाडं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे, कमी बोलणारे प्रोफेसर होते. शेवटच्या दिवशी त्यांनी आबांना विचारलं, "सगळं उत्तम आहे. प्राचार्य कुठं दिसले नाहीत?"

आबा गडबडून म्हणाले, "ते रजेवर आहेत."

म्हाताऱ्यांनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा आबांकडे. "असं का? मग त्यांना रजेवरच राहू द्या!"

सगळ्यात मोठ्यानं हसले ते आबा. पेपरात आलं, 'अध्यक्षांच्या दूरदृष्टीचं समितीकडून कौतुक.' ती बातमी मी पाठवलेली नव्हती. त्या दिवसापासून मी बातम्या पाठवणं बंद केलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बातम्या येतच राहिल्या!

*

आणि हा पंधरा ऑगस्टचा.

खुर्ची अजून रिकामीच. आदल्या दिवशी आबांचा निरोप आला, "झेंडा मी फडकवणार. मी येईपर्यंत कुणी दोरीला हात लावायचा नाही."

पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या की आमच्या रस्त्याचं काय होतं ते सांगायला नको. सगळं पुणं लोहगडाला आणि लोणावळ्याला निघालेलं. आबांचा फोन आला, "गाडी हलत नाही हो! थांबवून ठेवा सगळ्यांना." आम्ही थांबलो. भुरभुर पाऊस. रांगेत पोरं, पुढं एनसीसीची तुकडी, मागं गावातली मंडळी आणि त्यांची लहान मुलं. पुन्हा फोन, "आलोच." पुन्हा थांबलो. मग आबांचा फोनच लागेनासा झाला.

मॅडम छत्री मिटून उभ्या होत्या, पोरं भिजताहेत म्हणून. माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "सर, बारकी पोरं काकडायला लागली. झेंडा काय ट्रॅफिकमधून येणार हाय का?"

मी पुन्हा आबांना फोन लावला. लागला नाही.

तेवढ्यात एनसीसीची लीडर स्वाती, कार्ल्याची पोरगी, ताड ताड पावलं टाकत मॅडमसमोर आली. कडक सॅल्यूट ठोकला. "मॅडम, परेड तैयार है!" आणि तशीच उभी राहिली. मागं सगळी तुकडी सावधान.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी फोन खिशात टाकला.

मॅडम पुढं गेल्या. दोरी ओढली. भिजलेला झेंडा आधी जरा अडला, मग उलगडला. फुलं खाली पडली. पोरांनी राष्ट्रगीत असं म्हटलं की रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांतली माणसंसुद्धा बाहेर येऊन उभी राहिली.

लाडू वाटप चालू होतं तेव्हा आबा आले. फाट्यापासून चालत. पांढरे कपडे गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, मागं कॅमेरा सावरत दत्ता. आबांनी वर बघितलं आणि भडकलेच.

"कुणी फडकवला झेंडा?"

मॅडम पुढं पाऊल टाकणार, तेवढ्यात हातातला लाडू मागं लपवत स्वातीच सावधानमध्ये आली.

"प्राचार्यांनी, सर!"

"कोण प्राचार्य?" आबा ओरडले. "या कॉलेजला सध्या प्राचार्यच नाही!"

स्वाती खरोखरच गोंधळली. तिनं आमच्याकडं बघितलं, मग आबांकडं.

"असं कसं, सर? रोज येत्यात की!"