मागच्या चाकापर्यंत पोचणारी नळी

गाडी पंक्चरच्या दुकानापुढे थांबली की मामा आधी टायरला अंगठा लावायचे आणि मग माणसाला नमस्कार करायचे. राजूरच्या गणपतीला आलेली मंडळी गोंधळून जायची. आम्हा रोजच्यांना सवय होती. "पुढचं बराबर हाय, मागचं उपाशी हाय," हे ऐकल्याशिवाय माझा शाळेचा दिवस सुरू होत नसे.

पंक्चरच्या त्या दुकानावर बसायच्या आधी त्यांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात घालवलं होतं. मी पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत शिकवते. रस्त्यात अडकायला नको म्हणून गाडीत हवा भरायचं लहान यंत्र ठेवावं असं मनात आलं, पण त्यांना विचारायचा संकोच वाटत होता. त्यांचंच गिऱ्हाईक तुटणार होतं ना.

"आडरानात मी असतो का, मॅडम?" ते एवढंच म्हणाले.

मग सहकाऱ्यांकडून दोन यंत्रं मागून आणली. त्यांनी माझ्या मागच्या टायरची हवा निम्मी सोडून दिली. पहिलं यंत्र चार्जिंगचं, देखणं, डब्यावर दाबाचा मोठा आकडा छापलेलं. निम्म्यातच तापलं आणि बंद पडलं.

"डब्यावरचा आकडा टायरला वाचता येत न्हाई," ते म्हणाले.

दुसरं जड होतं, गाडीच्या बॅटरीला चिमटे लावून चालणारं. त्यांनी इंजिन सुरू ठेवायला सांगितलं, नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का पाहिलं, त्याचा हवेचा काटा आपल्या काट्याशी ताडून घेतला. "हे घ्या. दिसायला ओबडधोबड हाय, पण दमत न्हाई."

त्यांची सून दारातून सगळं निरखत होती. "मामा, मी लावून बघू का?"

"हात काळे व्हतील. घरात जा."

चिमटे कुठे लावलेत ते बघून ती आत गेली.

तसंच यंत्र मी घेतलं. तीनेक महिन्यांनी एका सकाळी शाळेला जाताना पाहिलं, तर ते छातीला हात लावून दुकानापुढे बसलेले, अंग घामाने निथळत होतं. जवळ एकटी सूनच होती. दोघींनी त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी जालन्याकडे काढली.

निम्म्या वाटेत गाडी ओढायला लागली. मागच्या टायरमध्ये खिळा घुसला होता. चाक बदलणं मला कधी जमलं नव्हतं आणि तेवढा वेळही नव्हता. मी डिकीतून यंत्र काढलं. सुनेने बॉनेट उघडलं, बॅटरीला चिमटे लावले, नळी मागे नेली. खिळ्याला हात घालणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून त्यांचा बारीक आवाज आला.

"खिळा काढू नको. राहू दे तसाच. नुसती हवा भर."

शहराच्या तोंडाशी पुन्हा एकदा भरावी लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

ते वाचले, पण जड काम कायमचं बंद झालं. वॉर्डात मी शेजारीच उभी होते. ते सुनेला म्हणाले, "दुकानाची चावी तुझ्याकडंच ठेव. पहिलं वर्ष ट्रकचं चाक एकटीनं उचलू नको."

आता ते वस्तीवर असतात, आमच्या वाटेवर दिसत नाहीत. परवा एक ट्रकवाला दुकानापुढे घुटमळत होता.

"मामा कुठंत?"

"मेंढरं चारून राह्यले," ती ट्यूब घासता घासता म्हणाली. "चाक इकडं आणा."

तो चाक ढकलत तिच्याकडे घेऊन गेला.