बेगडेवाडीचा थोर

जैसलमेरच्या पुढं आमची पोस्ट होती. मी नायक, वराळ्याचा. रफिक लान्स नायक, भाज्याचा. गस्तीच्या वाटेवर दगडांतून माणसाएवढे काटेरी थोर उगवलेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्यांवर लालभडक फुलं यायची. मला ते बांधावरचं निवडुंगच वाटायचं. रफिकनं मात्र एकेका थोराला आपल्या गावाकडच्या लोकलच्या स्टेशनचं नाव दिलं होतं. पोस्टजवळचा लोणावळा, मग मळवली, कामशेत, असं करत शेवटचा बेगडेवाडी.

मार्चमधल्या एका गस्तीत आम्ही चौघे होतो. १४१० ला वाळूचं वादळ आलं. पुढचा माणूस दिसेना. कमांडर मी, म्हणून ऐटीत कंपास काढला. रायफल छातीवर लटकलेलीच. लोखंडाजवळ सुई भरकटते, हे नव्या जवानांना शिकवणारा इन्स्ट्रक्टरही मीच.

"डावीकडे चला."

रफिकनं मागून माझा पट्टा धरला. "भाऊ, हितं हात लावा. मोडकी फांदी. ही बेगडेवाडी. डावीकडं आपलंच माइनफील्ड हाय."

"नक्की?"

"व्हय. कालच हितं माझी बाही फाटली."

रेडिओ खरखरला. "लोकेशन बोलो, ओव्हर."

मी बोलून गेलो, "बेगडेवाडी, ओव्हर."

"कौन सी वाडी?"

थोरामागून थोर चाचपत १५४० ला चौघेही पोस्टवर पोचलो. रफिकनं चिमट्यानं माझ्या तळव्यातले काटे काढले. प्रत्येक काट्याला म्हणायचा, "पुढचं स्टेशन."

पुढच्या वर्षी काश्मीरमध्ये गस्तीवर असताना रफिक मारला गेला. मी तेव्हा सुट्टीवर होतो.

रिटायर झाल्यावर जैसलमेरला जाऊन त्या बेगडेवाडीच्या थोराची एक फांदी आणली आणि वराळ्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडीत लावली. पावसात कुजू नये म्हणून वर छत्री बांधली. बायको म्हणाली, "लग्नात पाऊस आला तेव्हा माझ्यावर नव्हती धरली." आता लोणावळ्याच्या बंगल्यांतले कॅक्टसही मी थांबून बघतो. वॉचमन माझ्याकडे बघतो. डोंगरावरच्या फड्या निवडुंगाचं पिवळं फूल दिसलं, तरी पाय थांबतात.

यंदा थोर फुलला. कुंडी घेऊन भाज्याला गेलो. रफिकच्या अम्मींना विचारलं, "कबरीवर लावू?"

"कबरीवर सब्जा लावत्यात, बाळा. काटं कशाला?"

मी कुंडी उचलली.

"आता परत कुटं नेतोस? ठेव हितं ओट्यावर."

त्यांनी फुलांवरून बोटं फिरवली. "घरात कधी एक झाड लावलं न्हाई त्यानं," त्या म्हणाल्या, आणि कुंडी फिरवून फुलं दाराकडं केली.