वर-खालीची बटणं

धाकटी मुळातच भित्री. लहानपणी झुरळ दिसलं की पलंगावर चढायची, ती बाबा क्रेन चालवायच्या कामावरून घरी येईपर्यंत उतरायची नाही. आता बाबाच पलंगाला खिळले होते. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची वाचा गेली, उजव्या हाताचं एक बोट तेवढं शाबूत राहिलं.

ती पॅकिंग मशिनांचे प्रोग्रॅम लिहायची. बाबांसाठी तिने सी भाषेत एक छोटासा लिहिला. कॅप्स लॉक लावून कीबोर्ड त्यांच्या बोटाखाली ठेवला. मोठा पी दाबला की पडद्यावर 'पाणी', मोठा एच दाबला की 'हाक' आणि स्वयंपाकघरात भोंगा. सुरुवातीला घरभर कौतुक झालं. मग तो मेला भोंगा वेळीअवेळी बोंबलू लागला. ती हातातलं टाकून धावायची, तर बाबांना काही झालेलं नसायचं, वर तिच्यावरच डोळे वटारायचे. पाणी मागायचे आणि पेला नेला की तोंड फिरवायचे.

"डोकं गेलंय गं त्यांचं," दादा म्हणाला. "तू तरी किती पळशील? उद्या शुश्रूषागृहाची गाडी येतेय."

दुपारी ती बाबांचे सदरे पिशवीत भरत होती. ते तिथे कुणाला काय सांगणार, याची तिला भीती वाटत होती. तेवढ्यात भोंगा वाजला. तिने वळून पाहिलं. बाबांचं बोट एचवर नव्हतंच. कोपऱ्यातल्या वरच्या बाणावर होतं.

तिला उमगलं. बाणाचं बटण दोन आकडे पाठवतं. पहिला नुसता सांगतो, खास बटण आहे. दुसरा सांगतो, कुठलं. वरच्या बाणाचा दुसरा आकडा तोच मोठ्या एचचा, खालच्याचा तोच पीचा. तिचा प्रोग्रॅम पहिला सोडून द्यायचा आणि दुसऱ्याला अक्षर समजायचा. बाणांचा तिने विचारच केला नव्हता. आणि बाबांचा अख्खा जन्म क्रेनच्या दोन बटणांवर गेला होता, वर आणि खाली.

"बाबा," तिने विचारलं, "पाठ वर करू?"

भोंगा वाजला. तिने पलंगाचा दांडा फिरवला, डोक्याकडची बाजू वर आली. बाबांनी सुस्कारा सोडला.

तिने फोन लावला. "दादा, गाडी नको. डोकं माझंच गेलं होतं."

पडद्यावर 'पाणी' उमटलं. तिने पेला आणला नाही. पाठ थोडी खाली घेतली.