गजालीवाल्या बाई

"समजलं मला," असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. समोरचा माणूस जीव तोडून सांगतो आहे, सांगून झाल्यावर रुमालाने मान पुसतो आहे, आणि बाई शांतपणे विचारायच्या, "मला अजून नीट कळलं नाही. पुन्हा सांगाल?" पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंची समज जरा बेताची असावी. तीस वर्षं मी तहसील कचेरीत काढली. तिथे माणूस तोंड उघडायच्या आतच आम्हाला समजलेलं असायचं.

कणकवलीत स्टँडच्या मागे काजूगर विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर बाईंची खोली होती. पाटीवर त्यांचं नाव आणि खाली 'प्रौढांसाठी समुपदेशन' एवढंच. पण बाजारात त्यांना त्या नावाने कोणी ओळखत नसे. 'गजालीवाली बाई' म्हणायचे. आमच्याकडे गप्पांना गजाली म्हणतात, आणि गजाली मारायला कोणी वेळ ठरवून जिना चढतं याचं लोकांना भारी हसू. खालचा दुकानदार तर तोंडावर म्हणायचा, "गजालींक दाक्तर कित्याक व्हयो?" बाईंना ते नाव ठाऊक होतं. "बरं आहे की," म्हणायच्या, "पाटीपेक्षा सोपं आहे."

मी त्यांच्याकडे गेलो तो आमच्या मिठबावच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून. सुमन, माझी बायको, जाऊन पाच महिने झाले होते. झोप उडाली होती, छातीत धडधडायचं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "छातीत काही नाही, अण्णा. कणकवलीला एक बाई आहेत. त्यांच्याशी बोला." मला त्याची लाज वाटली. शेजारच्या दाजीला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जातो. मग दर बुधवारी सकाळची बस धरायची आणि दुपारी परतायचं. शेवटी एक दिवस दाजीने विचारलंच, "अण्णानू, तुमचे दात तरी किती ओ? वरीसभर जातास!"

खोलीला दोन जिने होते. पुढच्याने यायचं, मागच्याने जायचं, आणि दोन माणसांच्या मध्ये बाई पंधरा मिनिटं मोकळी ठेवायच्या. आलेला आणि गेलेला एकमेकांना दिसू नयेत म्हणून. त्या पंधरा मिनिटांत त्या आतल्या खोलीत जाऊन उभ्यानेच पेज प्यायच्या. एकदा मी लवकर पोचलो आणि दार उघडं होतं म्हणून ते दिसलं. भांडं हातात, तोंड खिडकीकडे. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि पेज पिताना बसावं असं त्यांना वाटत नव्हतं.

सुमनला पक्षाघात झाला तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. सात वर्षं अंथरुणावर होती. मुलगी मुग्धा डोंबिवलीला, तिचा संसार, तिची नोकरी. करणारा मी एकटा. सुमन गेली तेव्हा सगळा गाव म्हणाला, "बायलेची सेवा करूची तर अण्णांसारखी." हे वाक्य कोणी उच्चारलं की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची.

त्याचं कारण मी बाईंना पहिले सहा बुधवार सांगितलं नाही. इकडचं तिकडचं सांगत राहिलो. त्यांनी कधी माझ्या वडिलांबद्दल विचारलं, कधी श्वास मोजायला लावला, कधी वहीत दोन रकाने आखून लिहायला सांगितलं, एकात काय घडलं ते आणि दुसऱ्यात त्यावर मी मनात स्वतःला काय म्हणतो ते. मी लिहून नेलं. बाईंनी वाचलं आणि पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. "अण्णा, 'सदर दिवशी सकाळी सुमारे सात वाजता'? हा पंचनामा झाला. यात तुम्ही कुठे आहात?" मी जरा चिडून विचारलं, "तुमचं नक्की शास्त्र तरी कुठलं? दर वेळी वेगळंच काहीतरी." त्या म्हणाल्या, "लोकांनी वेगवेगळ्या वाटा शोधून ठेवल्यात. मी चार-पाच शिकले. माणूस बघून ठरवते. तुमच्यावर एकच चालवली असती तर तुम्ही दुसऱ्या बुधवारी आला नसता."

सातव्या बुधवारी त्यांनी एक रिकामी खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली. "इथे सुमनताई बसल्यात असं समजा. बोला त्यांच्याशी." मला ते पोरखेळ वाटलं. तरी घसा खाकरून म्हणालो, "सुमन, तुझ्या आजारपणात माझ्याकडून काही उणीव राहिली असल्यास..." बाईंनी हात वर केला. त्या आमच्याच मुलखातल्या, हे मला तेव्हा कळलं, कारण त्या एकदम मालवणीत आल्या. "अण्णानू, घरात वैनीशी असांच बोलत होतास?"

मी खुर्चीकडे बघितलं. मग तोंडातून निघालं, "सुमा, च्या घेतंस गो?"

आणि मी फुटलो. शेवटच्या सकाळी सुमनचा श्वास घरघरायला लागला, तो मला ऐकू आला होता. डॉक्टरांना फोन करायचा सोडून मी स्वयंपाकघरात गेलो. चहा ठेवला. कप घेऊन पडवीत बसलो आणि सगळा चहा संपेपर्यंत उठलो नाही. मग आत गेलो, फोन केला. गाडी दारात येईपर्यंत ती गेली होती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. वाटलं, आता बाई म्हणतील, तुमचा दोष नाही, तुम्ही थकला होता. बाई म्हणाल्या, "माका अजून कळूक नाय. परत सांगा."

चार बुधवार मी ते परत सांगितलं. दर वेळी थोडं जास्त निघालं. चहा गोड झाला होता. पडवीत बसून मी विचार करत नव्हतो, तर वाट बघत होतो. तिने संपावं म्हणून. हे शेवटचं वाक्य मी चौथ्या बुधवारी बोललो. बाईंनी मला माफही केलं नाही आणि बोलही लावला नाही. नुसत्या म्हणाल्या, "आणि सात वर्षांत असं वाटलं, तर ते सांगायला कोणी होतं?" कोणी नव्हतं.

त्याच सुमाराला एकदा मी दाजीबरोबर आठवडा बाजारात गेलो होतो. मासळीच्या ओळीत बाई दिसल्या. बांगडे निवडत होत्या. दोनच घेतले. मी अगदी समोर होतो. त्यांनी वर बघितलं, आणि माझ्यावरून नजर अशी गेली की जणू मी खांब आहे. मला फार लागलं ते. बुधवारी बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याबरोबर कोणी होतं. तुम्ही मला कसे ओळखता, हे त्यांनी विचारलं असतं. तुम्ही आधी हाक मारलीत तर मी नक्की बोलेन."

"मग लोक मारतात हाक?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली मला इथे." आणि विषय माझ्याकडे वळवला.

मे महिन्यात मुग्धा आली. तिला सांगायचं, असं मी ठरवलं होतं. बाईंशी त्यावर बोलणंही झालं होतं. दुपारची जेवणं झाल्यावर मी तिला पडवीत बसवून सगळं सांगितलं. ती उठली आणि मागच्या माडांत जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी, सुट्टी चार दिवस बाकी असताना, निघून गेली. पुढे पावसाळा सरला तरी तिचा फोन नाही. मी केलेले उचलले नाहीत.

मी बाईंवर भडकलो. जन्मात कुणावर ओरडलो नव्हतो तसा ओरडलो. "बायको गेली, आता मुलगीही गेली. हे तुमच्या गजालींचं फळ!" त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझं चुकलं. ती ऐकून निघून गेली तर रिकाम्या घरात तुम्ही काय कराल, हे मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. मी घाई केली." एवढं सरळ 'माझं चुकलं' मी कचेरीत तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी स्वतःही कधी म्हटलं नव्हतं. मी पुढच्या बुधवारी गेलो. त्याच्या पुढच्याही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मुग्धाचा फोन आला. 'कसे आहात' वगैरे काही नाही. एकच प्रश्न. "बाबा, तेवढ्या वेळात आईला दुखलं का?" मी म्हणालो, "माहीत नाही, बाय. मी आत नव्हतो." पलीकडे ती रडायला लागली. फोन मात्र ठेवला नाही. मीही ठेवला नाही. आता ती वर्षातून दोनदा येते. आमच्यात सगळं पूर्वीसारखं झालं आहे असं नाही. पण ती आईबद्दल विचारते, आणि मी खरं सांगतो.

त्यानंतरच्या वर्षी बाईंनी सगळ्यांना तीन महिने आधी कळवून काम बंद केलं. सावंतवाडीच्या पुढे इन्सुलीला, त्यांच्या गावी, मोठ्या भावाला पक्षाघात झाला होता. भाऊ अविवाहित, घरात दुसरं कोणी नाही. शेवटच्या बुधवारी बोलायचं म्हणून मी बरंच ठरवून गेलो होतो. त्यातलं काहीच बोललो नाही. त्याऐवजी मी त्यांना सांगायला लागलो. दर दोन तासांनी कूस बदलायची. अंगाखाली चादरीची जाड घडी घालून ठेवायची आणि तिला धरून ओढायचं, बगलेत हात घालून नाही, आपली पाठ जाते. पेज पातळ द्यायची नाही, ठसका लागतो. घट्ट करून, खांद्यामागे उशी देऊन, चमच्याने भरवायची. बाईंनी वही काढली आणि एकेक ओळ लिहून घेतली.

"तुम्ही स्वतः कधी झोपायचात?" त्यांनी विचारलं.

"झोपत नव्हतो. ते तेवढं माझ्यासारखं करू नका," मी म्हणालो. "आणि अजून एक लिहा. एखाद्या दिवशी राग येईल. हा माणूस संपला तर सुटू, असं मनात येईल. आलं तर ते आत ठेवू नका. कुणालातरी सांगा."

बाईंचं पेन थांबलं. "कुणाला सांगू, अण्णानू?" त्या म्हणाल्या.

तास संपला होता. त्यांनी हात जोडले, मीही जोडले आणि मागच्या जिन्याने उतरलो.

गेल्या वर्षी पेन्शनच्या कामासाठी मी सावंतवाडीला गेलो होतो. काम लवकर आटोपलं, म्हणून पुढची बस धरून इन्सुलीच्या नाक्यावर उतरलो. घर विचारलं असतं तर कोणीही दाखवलं असतं. टपरीवर उसळ-पाव घेतला आणि बाकड्यावर बसून राहिलो. दारात उभा राहिलो असतो, तर बाईंनी मला आत बोलावलं असतं, पाणी दिलं असतं, आणि समोर बसून माझंच सगळं विचारत राहिल्या असत्या. त्यांना दुसरं येत नव्हतं. आतल्या खोलीत भावाची कूस बदलायची वेळ झाली असती तरी त्यांनी ते मला जाणवू दिलं नसतं.

टपरीवाल्याने विचारलं, "खंय जावचा आसा तुमका?"

"खंयच नाय," मी म्हणालो. समोरून परतीची बस येत होती. मी हात केला.