साहेब येईस्तोवर थांबलेली शर्यत

गडमुडशिंगीच्या पद्मावती बापूसो मगदूम यांना राग लवकर येतो, हे त्यांच्या घरातलं कुणीही सांगेल. तो बहुतेक वेळा बरोबर ठिकाणी येतो, हे मात्र कुणी सांगणार नाही. गावात त्यांना पद्माक्का म्हणतात. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं आडव्या, आवाज असा की ऊसतोड चालू असताना बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला माणूस ओ देतो.

माहेर पेठ वडगावचं. शाळेत असताना पळण्याच्या शर्यतीत तालुक्यात पहिल्या आल्या होत्या. जिल्ह्याला जायचं ठरलं, पण मास्तरांनी मुलांचा संघ नेला आणि मुलींचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी पद्माक्कांचं लग्न झालं. मास्तरांचं काय गेलं? त्यांना संध्याकाळपर्यंत आठवणसुद्धा राहिली नसेल. पद्माक्कांना मात्र राहिली, आणि म्हशींच्या धारा, रानातली भांगलण, दोन बाळंतपणं, सासूचं आजारपण, डेअरीचं दूध यांतल्या कशानंही ती पुसली गेली नाही.

मग कंबर धरली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. सून आदिती शाहूपुरीत एका ऑफिसात नोकरीला आहे आणि कामावर जायच्या आधी तिथल्याच एका जिममध्ये जाते. ती म्हणाली, "आत्ती, माझ्यासंगं चला." सासू सुनेच्या स्कूटीवर मागं बसून जिमला निघाली, तेव्हा चावडीपाशी बसलेल्या मंडळींना आठवडाभर पुरेल इतका विषय मिळाला.

जिमच्या कोपऱ्यात एक रोइंग मशीन होतं. म्हणजे जागेवर बसून नाव वल्हवायची, पाणी नाही की नाव नाही. मागंपुढं सरकणारी सीट, पाय अडकवायला पट्टे, साखळीला लावलेली मूठ, आणि मूठ ओढली की समोर घों घों फिरणारा पंखा. पोरांनी त्यावर टॉवेल आणि पिशव्या वाळत घातल्यासारख्या टाकलेल्या असायच्या. ओढ हलकी-जड करायला पंख्याच्या कडेला एक खटका असतो, एकपासून दहापर्यंत. तो पोरं कायम दहावर ठेवायची, चार हिसके मारायची आणि दमून आरशासमोर जाऊन दंड बघत बसायची. जड ओढलं म्हणजे मर्दानगी, असा आपल्या कोल्हापूरचा हिशेब आहे, त्याला यंत्र तरी काय करणार!

पद्माक्का पहिल्या दिवशी साडीवरच बसल्या. पदर सीटच्या चाकात अडकला आणि त्या कलंडल्या. पोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवशी त्या आदितीचा पंजाबी ड्रेस घालून आल्या. त्यावरून गावात जी कुजबुज झाली ती ऐकून डोकं फिरावं. म्हातारीला आता पोरींचे कपडे लागतात म्हणे! त्याच गावात साठीचे बाप्ये अर्ध्या चड्डीवर केसाळ पाय दाखवत सकाळी फिरतात, त्यांना कुणी शब्दानं बोलत नाही. उलट, तब्येत राखलीय म्हणून कौतुक होतं.

"आक्का, हातानं न्हवं, पायानं," जिमचा ट्रेनर ऋतुराज सांगायचा. पहिल्या दिवशी हसणाऱ्यांत तोही होता, हे पद्माक्का विसरल्या नव्हत्या. पण पोरगं शिकवायला लागलं तसं मन लावून शिकवत होतं. त्यानं खटका चारवर आणला. आधी पायांनी ढकलायचं, मग पाठ, मग हात. परत जाताना आधी हात, मग पाठ, मग गुडघे. पद्माक्का जन्मभर विहिरीचं पाणी शेंदल्यासारखं सगळं हातांनीच ओढत आलेल्या. तळव्यांना फोड आले, फुटले, त्यांवर घट्टे पडले. हळूहळू पंख्याचा आवाज एकसारखा यायला लागला, आणि एक दिवस ऋतुराज समोरच्या स्क्रीनकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आक्का, तुमी स्पर्धेला उतरा."

स्पर्धा कोल्हापुरातच होती. एका मंडळानं भरवलेली, जिल्ह्याची. पन्नाशीच्या पुढच्या बायकांचा वेगळा गट, दोन हजार मीटर, आणि गटात जी पहिली येईल ती राज्याच्या स्पर्धेला पुण्याला. पद्माक्कांनी एवढंच ऐकलं. पुण्याला जाणार ती पहिली. ह्या खेपेला पुढच्या वर्षी बघू असं कुणी म्हणायचं नाही, हे त्यांनी मनाशी घट्ट धरलं आणि त्या कामाला लागल्या. पहाटेच्या धारा काढून जिम, जिमवरून आल्यावर रान. संध्याकाळचं दूध डेअरीला घालायचं काम बापूसोंनी स्वतःकडं घेतलं. त्यासाठी रोज कुरकुर केली, पण एक दिवसही चुकवलं नाही.

शर्यतीची वेळ मात्र त्यांनी आधीच विचारून घेतली होती. पद्माक्कांचा नेम आहे, जैन घरांत पाळतात तो. दिवस मावळला की अन्न नाही, पाणी नाही. सासूबाईंबरोबर घेतलेला नेम, सासूबाई गेल्या तरी मोडलेला नाही, तापातसुद्धा नाही. त्यांची शर्यत दुपारी साडेचारला होती. शर्यत संपवून पोटभर पाणी पिऊन वर शेंगदाण्याचा लाडू खायला वेळ उरत होता.

रविवारी सकाळी हॉल भरला. स्टेजवर सहा मशीनं ओळीनं मांडलेली. पुरुषांच्या शर्यती सकाळी नऊच्या ठोक्याला सुरू झाल्या आणि जेवणाच्या आत संपल्या. पोरांच्या, पोक्तांच्या, साठीच्या, सगळ्या. मिनिट इकडचं तिकडं झालं नाही. साडेचार वाजले. पद्माक्का केस घट्ट बांधून, हातपाय मोकळे करून स्टेजच्या पायरीशी उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर बाकीच्या पाच जणी. त्यांत शाहूपुरीतल्या प्रियदर्शनी मोहिते होत्या, निवृत्त खेळशिक्षिका, उंच, शांत. पहिली येणार ती पद्माक्का किंवा ह्या बाई, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माईकवर मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह आले. "महिला ही आपल्या कोल्हापूरची शान! म्हणून खास महिलांच्या शर्यतीचा शुभारंभ साहेबांच्या हस्ते करायचं मंडळानं ठरवलेलं हाय. साहेब निघालेले हाईत!"

टाळ्या पडल्या. पाच वाजले. मग साडेपाच. साहेब एका लग्नात होते, मग एका दुकानाच्या उद्घाटनात. गरम झालेले हातपाय गार पडले. बायका पुन्हा पुन्हा उठून कंबर हलवायच्या आणि पुन्हा बसायच्या. शान म्हणायचं आणि दाराशी ताटकळत ठेवायचं, हा सन्मानाचा कुठला प्रकार? पुरुषांना मान दिला नव्हता, म्हणून त्यांची शर्यत वेळेवर झाली. बायकांना मान दिला आणि त्यांची दुपार खाल्ली.

पद्माक्का विजयसिंहांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "साडेचार म्हटलं हुतं तुमी."

"आक्का, आलंच की साहेब. बिंदू चौकापातूर आल्यात."

"सकाळी बाप्यांची शर्यत कुणासाठी थांबली हुती?"

"आवो, पोरं लांबनं आल्यात. त्यास्नी परत जायचं असतंय."

"मग मी काय हितल्या गल्लीतनं आलोय व्हय? घरात म्हसरं हाईत माझी. आनि दिवस मावळल्यावर मी पाणी पीत न्हाई. शर्यत आता घ्या. साहेब आल्यावर त्यास्नी काय करायचं त्ये करू द्या."

विजयसिंह समजुतीनं हसले. लहान पोरीला समजवावं तसं. "आक्का, एवढ्या मोठ्या कामात एक घोट पाणी प्यालं म्हणून देव काय रागवतोय का?"

पद्माक्कांची कानशिलं तापली. आपला नेम देवाच्या रागाला भिऊन नाही, हे ह्या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता. ज्याला दिलेली वेळ पाळता येत नाही त्याला पाळलेला नेम काय कळणार? आदितीनं हात धरून त्यांना बाजूला नेलं. सूर्य मावळायच्या आत त्यांनी बाटलीभर पाणी पिऊन घेतलं आणि बाटली पिशवीत टाकली.

साहेब आले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मग दीपप्रज्वलन झालं. मग सत्कार, सत्कारानंतर सत्काराला उत्तर. मग विजयसिंहांना आठवलं की महिलांना फेटे बांधायचे आहेत. सहाही जणींना ओळीनं बसवून भगवे फेटे बांधले. फेट्यानं फोटो चांगला येतो. फेटा बांधून कुणी दोन हजार मीटर वल्हवत नाही, ही बारीकशी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. पद्माक्कांची जीभ एव्हाना टाळूला चिकटायला लागली होती. त्या तोंड मिटून मशीनवर बसल्या, पाय पट्ट्यांत अडकवले, मूठ धरली.

साहेबांनी झेंडा खाली केला. पंखे घोंघावले.

पहिल्या काही ओढींतच पद्माक्कांचा फेटा डोळ्यांवर आला. त्यांनी एका हातानं तो काढून मागं भिरकावला. मग पाय, पाठ, हात. हात, पाठ, गुडघे. दुपारपासून अंगात कोंडलेला राग पायांत उतरला आणि त्या सुटल्या. शेजारच्या मशीनवर मोहिते बाई जवळजवळ बरोबरीनं होत्या. चौथाई अंतर गेलं असेल नसेल, तेवढ्यात विजयसिंहांचा आवाज माईकवर गरजला.

"थांबा, थांबा! सगळ्यांनी थांबा! फोटोत साहेबांचा झेंडा आल्याला न्हाई. परत पहिल्यापासनं घेऊया!"

बायकांनी मुठी सोडल्या. काय करणार? माईकवरून थांबा म्हटल्यावर माणूस थांबतं. एकेक पंखा घरघरत मंदावला. मोहिते बाईही थांबल्या.

पद्माक्का थांबल्या नाहीत.

"आक्का, थांबा! परत घ्यायची हाय!" विजयसिंह जवळ येऊन ओरडले. त्यांच्याकडं बघायलाही पद्माक्कांना सवड नव्हती. कोपऱ्यात सगळी मशीनं जोडलेल्या कॉम्प्युटरपाशी बसलेला माणूस शर्यत पुसायला निघाला, तर ऋतुराजनं त्याचा हात धरला. "बंद करायचं न्हाई. शर्यत चालू हाय." हॉलमध्ये नुसता एका पंख्याचा आवाज उरला. मग मोहिते बाईंनी डोक्यावरचा फेटा उतरवून खाली ठेवला आणि पुन्हा मूठ धरली. मग तिसरीनं धरली. मग उरलेल्यांनी.

साहेब झेंडा हातात घेऊन उभे. खाली करावा तर शर्यत आधीच चाललेली, वर धरावा तर किती वेळ धरायचा? एवढा मोठा माणूस, पण त्या दिवशी बायकांचं होईपर्यंत त्यालाही थांबावं लागलं. बघायला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

शेवटच्या टप्प्यात पद्माक्कांच्या तोंडाला कोरड पडली. ओठ दातांना चिकटले, डोळ्यांपुढं काजवे चमकले. मांड्या पेटल्या होत्या. मोहिते बाई मागून अंतर कापत होत्या. आदिती स्टेजच्या कडेवरून ओरडत होती आणि बापूसो, ज्यांनी आयुष्यात बायकोचं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं, ते खुर्चीवर चढून "पद्मे, ओढ!" म्हणून घसा फोडत होते. पद्माक्कांनी ओढलं. स्क्रीनवरचा उरलेल्या मीटरचा आकडा शून्यावर आला आणि त्यांच्या हातातली मूठ आपोआप सुटली. मोहिते बाईंची शर्यत मागोमाग संपली.

विजयसिंह घामाघूम होऊन माईकपाशी गेले. "मंडळी, ही शर्यत काय धरता येनार न्हाई. मधीच थांबवल्याली हुती. मोहिते बाईंचा वेळ वाया गेलाय, त्यांच्यावर अन्याय व्हायला नको. साहेबांना पुढं जायचं हाय, तवा पाचशे मीटरची परत एक शर्यत घेऊ आनि त्यातनं पुण्याला कोन ते ठरवू."

बघा आता. दिवसभरात ह्या माणसाला अन्यायाची आठवण झाली ती नेमकी इथं. पद्माक्कांना उठता येत नव्हतं. बोलायला तोंड उघडलं, तर सुकलेल्या घशातून शब्दच निघेना. गावभर ऐकू जाणारा तो आवाज हवा होता तेव्हाच गेला होता. पुणं त्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांदा हातचं चाललं होतं आणि त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

मोहिते बाई उठल्या. त्या सरळ विजयसिंहांपर्यंत गेल्या आणि त्यांच्या हातातला माईक घेतला.

"माझ्यावर अन्याय झाला का न्हाई, ते मला ठरवू द्या," त्या धापा टाकत म्हणाल्या. "थांबा म्हटल्यावर मी थांबले. त्या थांबल्या न्हाईत. मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, शेवटच्या रेषेपर्यंत थांबायचं नसतंय. आज मीच थांबले. मी दुसरी आले. त्या पहिल्या. परत शर्यत घेणार असाल तर पाच मशीनं मोकळी राहतील, कारण आमच्यातली कुणी बसणार न्हाई."

बाकीच्या चौघी नुसत्या मान डोलवून उभ्या राहिल्या. साहेब अशा बाबतीत हुशार असतात. त्यांनी झेंडा कुणाच्या तरी हातात दिला आणि पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. मग विजयसिंहांनाही वाजवाव्या लागल्या. पद्मावती मगदूम, गटात पहिल्या, पुण्यासाठी निवड, असं माईकवर जाहीर झालं.

घरी जाताना जीपमध्ये बापूसो खुशीत होते. आदिती मागं बसून फोनवर सगळ्यांना कळवत होती. पद्माक्का खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. उचगावच्या पुढं आल्यावर त्यांचा आवाज थोडा परत आला, आणि पहिल्यांदा त्यांनी विजयसिंहांच्या नावानं दोन शिव्या हासडल्या.

बापूसो हसले. "अगं, जिंकलीस की! मग आता का चिडतीस?"

"जिंकलो म्हणूनच चिडतोय," पद्माक्का म्हणाल्या. "हरलो असतो तर सगळी म्हटली असती, म्हातारीला जमलं न्हाई म्हणून तडफडाय लागलीया. आता जिंकल्यावर तरी माझा राग खरा धरतील."

बापूसोंनी गाडी सावकाश घेतली.