नानांचा फॉलोअप

पिंपळगाव बसवंतच्या माझ्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर नाना सहा वर्षं मॅनेजर होते. या सहा वर्षांत एखादं काम झालं नाही, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "फॉलोअप चालू आहे, शेठ."

फॉलोअप म्हणजे काम होईपर्यंत समोरच्याच्या मानगुटीवर बसणं. मी क्रेट उचलत वर आलो, तेव्हा असंच शिकलो. नानांचं तंत्र निराळं. खुर्चीत रेलून, फोन स्पीकरवर टाकून ते आधी समोरच्याच्या आईचे गुडघे विचारणार, मग मुलाची दहावी, मग बागेची छाटणी. कामाचा विषय निघेपर्यंत समोरचा जेवायला बसतो म्हणून फोन ठेवायचा. नाना समाधानानं मान हलवायचे. "कानावर घातलंय."

खोकी संपली तरी फॉलोअप, वजनकाटा बिघडला तरी फॉलोअप. मी ओरडलो की म्हणायचे, "माणूस तुटला की काम कोण करणार, शेठ?" असल्या सुविचारांनी द्राक्षं थंड राहत नाहीत.

गेल्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर बंद पडला. आत दुबईला जाणारा माल, आणि मी मुंबईत. नानांनी नाशिकच्या मेकॅनिकला सकाळपासून अकरा फोन केले. तो अकराही वेळा 'निघालोच' म्हणाला आणि नानांनी अकराही वेळा विश्वास ठेवला. रस्ता तासाभराचा, गाडी काढून त्याला उचलून आणावं, हे काही सुचलं नाही. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा मणी मऊ पडले होते आणि नाना सांगत होते, त्याच्या सासऱ्यांचं ऑपरेशन आहे हो. सगळ्यांदेखत मी त्यांना घरी पाठवलं. टेबलावर किल्ल्या ठेवून ते गेले.

नवा मॅनेजर चलाख आहे. त्याचा फोन मिनिटात संपतो. पण यंदा माझे जुने बागायतदार माल आणेनात. नाना हायवेपलीकडच्या पॅकहाऊसला लागले होते, सगळे तिकडे वळले. संतापून मी एकाच्या बागेत गेलो आणि तिकडे भाव जास्त मिळतो का, असं तोंडावर विचारलं.

"भाव तोच हाय," तो म्हणाला. "पण गारा पडल्या तव्हा नानांचा फोन आला. म्हातारी गेली तव्हा आला. तुमचा कधी आला, शेठ?"

किलोमागे किती वाढवून द्यायचे, तो आकडा मी घरूनच ठरवून नेला होता. न सांगताच परत आलो.